हाताचे माप: आपला हात मोजून घेण्याची आणि त्याने मोजण्याची रीत

हाताने मोजण्याला आपल्याकडे ‘अंदाजपंचे’ म्हणून हसण्यावारी नेले जाते, आणि ज्याने स्वतःचा हात कधीच मोजलेला नाही त्याच्या बाबतीत ते योग्यही आहे. मात्र आपली वीत किती सेंटिमीटर भरते, मुठीत किती ग्रॅम तांदूळ येतात आणि एक चमचा मीठ किती चिमटींचे होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याचा हात हे बऱ्यापैकी भरवशाचे साधन असते. ते साधन कसे तयार करावे, कुठे वापरावे आणि कुठे मुकाट्याने टेप किंवा काटा काढावा, याची ही माहिती आहे.

आधी हात मोजून घ्यावा

या कामासाठी शिंप्याची टेप, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक वही पुरेशी आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेषेपर्यंतचे पेर प्रथम मोजावे. प्रौढ माणसाचे ते अडीच सेंटिमीटरच्या आसपास भरते. त्यानंतर अंगठा सोडून चारही बोटे जुळवून मधल्या सांध्यांवर त्यांची रुंदी घ्यावी, जी बहुधा सात ते आठ सेंटिमीटर असते. अंगठा आणि तर्जनी ताणून होणारी टीच, अंगठा आणि करंगळी ताणून होणारी वीत, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात आणि दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होणारी वाव, ही पुढची चार मापे होत.

यातली वीत मोजताना बहुतेक लोक चुकतात. टेपवर हात ठेवला की माणूस बोटे दुखेपर्यंत ताणतो आणि येणारा आकडा वहीत लिहितो. प्रत्यक्षात टेबल मोजताना मात्र तेवढा ताण कोणी देत नाही, त्यामुळे प्रत्येक वितीला एक-दीड सेंटिमीटर कमी पडतो. म्हणून एकच वीत मोजू नये. भिंतीलगत जमिनीवर एकापुढे एक अशा दहा विती सहज हाताने टाकाव्यात, एकूण अंतर टेपने मोजावे आणि दहाने भागावे. जे उत्तर येईल तीच आपली कामाची वीत. जुन्या हिशेबात बारा अंगुळांची वीत आणि चोवीस अंगुळांचा हात धरत, म्हणजे दोन विती मिळून एक हात. आपल्या आकड्यांत या प्रमाणाहून एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक आला तर त्याने बिघडत नाही, पण चार-पाच सेंटिमीटरचा आला तर मोजणी पुन्हा करावी. वाव साधारणपणे आपल्या उंचीएवढी असते, तेव्हा तिचीही पडताळणी आपोआप होते.

हे माप फक्त आपल्या हाताचे असते, दुसऱ्याच्या हाताला ते लागू पडत नाही. ही अडचण आजची नव्हे. शिवकाळात जमिनीची मोजणी पाच हात पाच मुठींच्या काठीने होत असे. पण ‘कोणाचा हात’ हा तंटा उभा राहू नये म्हणून हात किती तसूंचा (तसू हे लांबीचे जुने छोटे माप) धरायचा हे ठरवून दिलेले होते, आणि शेतात फिरत असे ती काठीच. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली आणि व्यवहारातून हात, शेर, मण हळूहळू हटले. आजही देण्याघेण्याच्या व्यवहारात हाताचे माप वापरू नये, हे तत्त्व तेच आहे. ते घरातल्या कामासाठी, स्वतःपुरते ठेवावे.

स्वयंपाकघरात

स्वयंपाकात चिमूट आणि मूठ ही दोन मापे सर्वांत जास्त वापरली जातात. चिमटीचे दोन प्रकार असतात. अंगठा आणि तर्जनी अशा दोन बोटांची चिमूट हिंगाला आणि हळदीला योग्य असते. मीठ घेताना मधले बोटही आपोआप जोडले जाते आणि चिमूट दुपटीच्या जवळ जाते. आपण कोणती घेतो हे आधी ठरवून टाकावे. मग सपाट भरलेला एक छोटा चमचा बारीक मीठ ताटलीत ओतावे आणि ते सगळे चिमटीचिमटीने दुसऱ्या ताटलीत हलवावे. मीठ किती चिमटींत संपले तो आकडा वहीत लिहावा. पाच मिलिलिटरच्या चमच्यात पाच-सहा ग्रॅम मीठ मावते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ताटातल्या कोशिंबिरीवर वरून सोडलेली चिमूट दिवसाच्या हिशेबात केवढी असते, हे या एका प्रयोगातून जितके नीट कळते तितके कोणत्याही तक्त्यावरून कळत नाही. खडे मीठ वापरणाऱ्यांनी हा प्रयोग त्याच मिठावर वेगळा करावा, कारण खड्यांमध्ये हवा राहते आणि त्याच चिमटीत वजन कमी येते.

मुठीचे माप घेण्याची एक ठरावीक पद्धत असते. डब्यात हात खुपसून वर काढला की बोटांच्या फटींतून दाणे गळत राहतात. ते गळू द्यावेत, बोटे हळूहळू आवळावीत, गळणे थांबले की मूठ पालथी न करता पातेल्यावर न्यावी आणि मग उघडावी. घाईने घेतलेली, वर ढीग असलेली मूठ ही मूठ नव्हे, तो पसा होतो, आणि दोहोंत चांगलाच फरक असतो. अशा दहा मुठी तांदूळ काट्यावर तोलून दहाने भागावे. बहुतेकांची मूठ तीस ते पन्नास ग्रॅमच्या दरम्यान येते. पोळीबरोबर थोडा भात खाणाऱ्या घरात माणशी एक मूठ पुरते, तर भातावरच जेवण असणाऱ्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरात माणशी दोन मुठीही कमी पडतात. पोह्यांसाठी हा आकडा चालत नाही, कारण ते हलके असतात. त्यांची मूठ वेगळी तोलावी.

याच पद्धतीने आईची किंवा आजीची पाककृती उतरवून घेता येते. परगावी किंवा परदेशी राहणारी मुले फोनवर विचारतात आणि उत्तर येते, ‘दोन मुठी रवा, गूळ अंदाजाने.’ मूठ तिची असते आणि पदार्थ आपल्या मुठीने केला जातो. मग सांजा पातळ झाला की दोष कृतीला दिला जातो. पुढच्या भेटीत तिला नेहमीच्या वेगाने, न थांबवता पदार्थ करू द्यावा आणि पातेल्यात जाण्याआधी प्रत्येक मूठ काट्यावर ठेवलेल्या वाटीत रिकामी करायला सांगावी. वेग मोडला की हात बिघडतो, म्हणून मध्येच प्रश्न विचारू नयेत. आकडे मिळाले की आपल्या मुठीने भागून ‘तिच्या दोन म्हणजे माझ्या अडीच’ असे कृतीखाली लिहून ठेवावे.

आता भाताच्या पाण्याकडे वळू, कारण बोटाचे माप जिथे सर्वांत जास्त वापरले जाते आणि सर्वांत जास्त फसते ती जागा हीच आहे. धुतलेले तांदूळ पातेल्यात सारखे पसरून तर्जनीचे टोक त्यांच्या पृष्ठभागाला नुसते टेकवायचे, तांदळात खुपसायचे नाही, आणि पाणी कितव्या पेरापर्यंत आले ते पाहायचे, अशी ही रीत आहे. कोणी एक पेर सांगते, कोणी दीड, कोणी दोन, आणि प्रत्येकाला आपलेच खरे वाटते. याचे कारण तांदळाच्या थरात आहे. तांदळाच्या थरात दाण्यांमधली पोकळी सुमारे चाळीस टक्के असते आणि पाणी आधी ती भरते. थर अडीच सेंटिमीटर असेल तर पोकळीत एक सेंटिमीटरएवढे पाणी जिरते. वर दीड पेर, म्हणजे पावणेचार सेंटिमीटर पाणी ठेवले की एकूण पाणी तांदळाच्या जवळजवळ दुप्पट होते आणि उघड्या पातेल्यातला रोजचा मऊ भात नीट शिजतो. तेच दीड पेर पाणी पाच सेंटिमीटरच्या थरावर ठेवले तर एकूण पाणी सव्वापटीपेक्षाही कमी होते आणि भात कोरडा, टणक राहतो. म्हणजे पेराचे माप खरे आहे, पण एका ठरावीक थरापुरते. पाहुणे आले आणि तांदूळ दुप्पट झाले, तर तळ दुप्पट मोठा असलेले पातेले घ्यावे, म्हणजे थर तेवढाच राहतो आणि पेरही तेवढेच चालते. असे पातेले घरात नसेल तर वाटीने मोजावे. नवीन आंबेमोहोराला आणि भिजवलेल्या तांदळाला अर्धे पेर पाणी कमी ठेवावे. कुकरमध्ये वाफ बाहेर कमी जाते, तिथे पाणी आणखी थोडे कमी पुरते.

विरजणाचे दूध किती कोमट असावे हेही बोटाने कळते. विरजण चाळीस ते पंचेचाळीस अंशांच्या आसपास उत्तम लागते, आणि साधारण त्रेचाळीस ते पंचेचाळीस अंशांपुढे त्वचेला उष्णता बोचू लागते. म्हणून स्वच्छ धुतलेली करंगळी दुधात बुडवून सावकाश दहा आकडे मोजावेत. ऊब नीट जाणवली आणि बोट काढून घ्यावेसे वाटले नाही, तर दूध योग्य आहे. भाकरी थापून हात निबर झालेल्या माणसाने करंगळीऐवजी मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावा. रोज तव्याशी काम करणाऱ्या बोटांना बऱ्याच गरम दुधाचेही काही वाटत नाही. बाळाच्या अंघोळीचे पाणी कोपराने पाहण्याची आजीची रीत याच कारणाने शहाणपणाची आहे.

कापड, फर्निचर आणि दोरी

नाकाच्या शेंड्यापासून बाजूला ताठ धरलेल्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर जवळजवळ एक वार, म्हणजे छत्तीस इंच भरते, आणि कापड असे ओढून मोजणारे दुकानदार अजून पाहायला मिळतात. एका वारात दोन हात येतात. नऊवारी लुगड्याला अठरा हाती म्हणतात ते याच हिशेबाने. जुन्या पेटीतली साडी सहावारी आहे की नऊवारी हे घडी पूर्ण न उलगडता पाहायचे असेल, तर काठ धरून हातावर हात टाकत जावे. अकरा-बारा हातांत संपली तर सहावारी. दुकानात आवडलेले कपाट दारातून आत जाईल का, हे वितीने पाहता येते, पण त्यासाठी आपल्या घराच्या दाराची रुंदी वितीत आधीच वहीत लिहिलेली असावी लागते. पडदे शिवायला टाकताना, काच कापून घेताना आणि सुताराला माप देताना मात्र हात खिशात ठेवावा. दहा वितींत प्रत्येकी अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर पाच सेंटिमीटरचा घोटाळा होतो, आणि काच पुन्हा वाढत नाही.

दोरी वावेने मोजावी. दोन्ही हात पसरून दोरी छातीसमोरून ताणायची, एक वाव झाली की डाव्या हाताने तीच जागा पकडून पुढची घ्यायची. पाण्याची खोली वावेत सांगण्याची कोळ्यांची रीत याच मापाची आहे.

कुंडी आणि वाफा

कुंडीला पाणी द्यावे की नाही हे वरची माती पाहून ठरवू नये, कारण वरचा थर दोन तासांच्या उन्हात पांढरा पडतो. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावी. तिथे ओल लागली आणि बोटाला माती चिकटून आली, तर पाणी देऊ नये. वाफ्यात रोपे लावताना मूठ वळून अंगठा ताठ केला की होणारे अंतर सुमारे पंधरा सेंटिमीटर असते आणि कांद्याच्या दोन ओळींत तेवढेच लागते. मिरचीच्या एका ओळीतल्या दोन रोपांत हातभर, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर ठेवतात.

मलम, नाडी आणि भाजणे

त्वचेवर लावण्याचे मलम किती घ्यावे, याचे वैद्यकातले प्रचलित माप चक्क तर्जनीचे पेर हेच आहे. नेहमीच्या ट्यूबमधून बोटाच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेषेपर्यंत मलमाची रेघ काढली की ते सुमारे अर्धा ग्रॅम होते, आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या त्वचेला तेवढे पुरते. मलम मुलाला लावायचे असले तरी मोजायचे ते मोठ्या माणसाच्या बोटानेच. स्टेरॉइड असलेले मलम अंदाजाने थापणारे आणि भीतीने नुसते पुसून घेणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक असतात. डॉक्टरांना ‘किती पेरे लावू’ असे सरळ विचारावे.

नाडी अंगठ्याने पाहू नये, कारण अंगठ्याची स्वतःची धडधड त्यात मिसळते. मनगटावर अंगठ्याच्या मुळाखाली तर्जनी आणि मधले बोट हलकेच टेकवावे, तीस सेकंदांतले ठोके मोजून दुप्पट करावेत. स्वस्थ बसलेल्या प्रौढाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात.

भाजल्यावर दवाखान्यात फोन करताना ‘बरेच भाजले’ असे सांगून काही कळत नाही. भाजलेल्या माणसाचा स्वतःचा तळहात बोटांसह त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे एक टक्का असतो. त्यामुळे नुसती लाल झालेली जागा वगळून, फोड आलेल्या किंवा साल निघालेल्या जागेवर असे किती तळहात मावतील ते डोळ्यांनी, जखमेला हात न लावता पाहावे आणि तो आकडा सांगावा. हा हात रुग्णाचा धरायचा, पाहणाऱ्याचा नव्हे; लहान मुलाच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. तोवर जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. एका तळहाताहून मोठे, किंवा चेहऱ्यावर, हातांवर, सांध्यांवर भाजले असेल तर डॉक्टरांकडे जावेच.

कपाळाला हात लावून ताप आहे एवढे कळते, किती आहे ते कळत नाही, थर्मामीटर लावावा. पातळ औषध बाटलीबरोबर आलेल्या मापानेच घ्यावे, घरातल्या चमच्याने किंवा झाकणाच्या अंदाजाने नव्हे.

पेरांवरची मोजणी

अंगठ्याने चार बोटांची पेरे मोजली की बारा होतात, आणि दर बाराला दुसऱ्या हाताचे एक बोट मिटत गेले की कागदाशिवाय साठापर्यंत मोजता येते. धोब्याचे कपडे, नारळ, विटा यांच्यासाठी हे फार सोयीचे आहे. जपाची करमाळा थोडी वेगळी असते: अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात करून तिच्या मुळाशी, तिथून करंगळीच्या मुळापासून टोकापर्यंत, मग अनामिका, मधले बोट आणि तर्जनी यांची टोके घेत तर्जनीच्या मुळाशी आले की दहा होतात, मधल्या बोटाची खालची दोन पेरे मेरू म्हणून ओलांडत नाहीत. बैलबाजारात उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धतही हातावरचीच मोजणी आहे, पण तिच्यात आकडा झाकला जातो, आणि भाव ज्याच्या मालाचा असतो त्यालाच तो सर्वांत शेवटी कळतो. ती शिकण्यासारखी नाही.

सूर्यास्त आणि ध्रुवतारा

हात पूर्ण लांबवून धरला की तो आकाशातले कोनही मोजतो. करंगळीची रुंदी सुमारे एक अंश, मधल्या तीन बोटांची पाच अंश आणि मुठीची दहा अंश धरतात. मोठ्या माणसाचा पंजा मोठा असला तरी त्याचा हातही लांब असतो, म्हणून हे आकडे माणसागणिक फारसे बदलत नाहीत.

गडावर गेलेल्यांना याचा पहिला उपयोग दिवस किती उरला ते पाहण्यासाठी होतो. सूर्याकडे टक लावून न पाहता, त्याच्या खालच्या कडेला तर्जनी टेकेल असा हात आडवा धरावा आणि क्षितिजापर्यंत किती बोटे बसतात ते मोजावे. एक बोट म्हणजे पंधरा मिनिटे, असा नियम सगळीकडे सांगितला जातो, पण तो युरोपच्या उत्तरेकडे शोभणारा आहे, कारण तिथे सूर्य तिरका उतरतो. आपल्याकडे तो बराचसा सरळ खाली जातो आणि तासाला तेरा-चौदा अंश उतरतो. त्यामुळे महाराष्ट्रात एका बोटाला आठ मिनिटे, चार बोटांना अर्धा तास आणि एका मुठीला पाऊण तास धरावा. परदेशी नियमावर विसंबून ‘अजून तासभर आहे’ म्हणत बुरुजावर बसणारा माणूस अर्ध्या वाटेत अंधारात सापडतो. त्यात समोर डोंगर असेल तर तो क्षितिजाच्याही आधी सूर्य गिळतो, तेव्हा बोटे डोंगरमाथ्यापर्यंतच मोजावीत.

रात्री ध्रुवतारा शोधायचा असेल तर सप्तर्षींमधल्या पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांतले अंतर, जे तीन बोटांएवढे असते, त्याच रेषेत क्रतूच्या पुढे पाच वेळा टाकावे. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची आणि आपल्या गावाचा अक्षांश जवळजवळ सारखे असतात: पुण्यात साडेअठरा अंश, म्हणजे दोन मुठींना थोडे कमी, नागपुरात दोन मुठी आणि एक करंगळी, पणजीत दीड मूठ. उंची मोजताना मुठी एकावर एक रचत जायच्या असतात आणि त्यात हात वाकण्याची सवय लागते, म्हणून आधी एक तपासणी करावी. मोकळ्या मैदानात उभे राहून क्षितिजापासून थेट डोक्यावरच्या बिंदूपर्यंत मुठीवर मूठ ठेवत जावे. नऊ मुठी बसल्या तर मूठ दहा अंशांची आहे. आठ किंवा दहा बसल्या तर नव्वदाला त्या आकड्याने भागावे आणि जे येईल ते आपल्या मुठीचे अंश म्हणून वहीत वितीच्या खाली लिहून ठेवावे.